टॅबवरचं विमान हवेतच थिजतं तेव्हा

मार्च लागला की फ्लाइंग शिकणाऱ्या आणि विमानात नकाशासाठी टॅब वापरणाऱ्या पोरांच्या तोंडी एकच वाक्य येतं: ‘सर, टॅबचा जीपीएस गेला.’ धुळ्याच्या गोंदूरला ऐका, शिरपूरला ऐका, जळगावला ऐका, तक्रार तीच. उपायही ठरलेला, टॅब बंद करून चालू करायचा. कधी चालतो, कधी चालत नाही, आणि पुढच्या सॉर्टीला, म्हणजे पुढच्या उड्डाणाला, पुन्हा तीच रड.

माझ्या मते घोळ इथेच सुरू होतो. बहुतेक वेळा जीपीएस गेलेलाच नसतो. तीन-चार वेगवेगळे बिघाड एकाच नावाखाली सांगितले जातात आणि सगळ्यांवर एकच औषध दिलं जातं. म्हणून कोणी तक्रार घेऊन आला की मी आधी विचारतो, पडद्यावर नेमकं काय दिसलं? पडदा अंधारला? की पडदा लख्ख, नकाशाही जागेवर, पण विमानाचं चिन्ह हलेना? की चिन्ह पळतंय, पण खाली नकाशाच्या जागी कोरी पाटी? या तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. हा प्रश्न सुटल्याशिवाय सेटिंगमध्ये बोटं घालू नका.

आधी हवेतलं सांगून टाकतो. टॅब थिजला तर त्याला हवेत दुरुस्त करायला जायचं नाही. घड्याळात वेळ बघा, शेवटची खात्रीची जागा कागदी नकाशावर खुणेने मांडा, हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, धरून ठेवा. शेजारी कोणी बसलं असेल तर टॅब त्याच्या हातात द्या. सोलो असाल तर बाजूला ठेवून द्या. सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीत, असताना तर त्याच्याकडे बघायचंही कारण नाही. आपला मुलूख या बाबतीत फार उदार आहे. उत्तरेला सातपुडा आडवा, मधून तापी पूर्वेकडून पश्चिमेला जाते, खाली जळगावहून दोन रेल्वे फुटतात: एक अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारवरून सुरतेकडे, दुसरी पाचोरा, चाळीसगाववरून मनमाडकडे. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या स्वच्छ दिवशी लांबूनच कळतात. मे महिन्यातल्या धुळीच्या धुरकटात हे सगळं पुसट होतं हे खरं, पण तापी ओलांडली की नाही एवढं तरी कळतंच. टॅब मदतनीस आहे. होकायंत्र, घड्याळ आणि कागद यांचं काम त्याच्यावर सोपवलेलं नाही.

पडदा अंधारला असेल तर

खानदेशात उन्हाळ्यात सगळ्यात जास्त वेळा हेच असतं, आणि यात उपग्रहांचा काही दोष नाही. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापरण्याचं तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सिअस सांगते. बंद ठेवायचा असेल तर वरची मर्यादा ४५. आता जळगाव-भुसावळचा मे आठवा. पारा ४५ च्या आसपास असताना उन्हात उभ्या असलेल्या विमानाच्या काचेखाली काय होत असेल, त्याला थर्मामीटरची गरज नाही. म्हणजे इंजिन सुरू करण्याआधीच टॅब त्याच्या मर्यादेबाहेर गेलेला असतो.

तापलेला टॅब एकदम मरत नाही, पायरीपायरीने माघार घेतो. आधी चार्जिंग मंदावतं किंवा थांबतं. मग पडद्याचा उजेड आपोआप उतरतो. शेवटी ‘थंड होऊ द्या’ अशी सूचना येऊन सगळं बंद. मधल्या पायरीवर पोरं हमखास फसतात. पडदा मंद दिसला की ब्राइटनेस वर ओढतात. पट्टी पूर्ण वर आहे, तरी उजेड नाही, मग म्हणतात टॅब खराब झाला. खराब नाही, तो स्वतःला वाचवतोय. आमच्या हँगरमधला मेकॅनिक लांबूनच बघून सांगतो, ‘तपी गया भो.’ त्याचं निदान सहसा चुकत नाही.

एक गैरसमज इथेच काढू. ‘वर गेलं की गार होतं’ हे अर्धंच खरं आहे. दुपारच्या कोरड्या हवेत हजार फुटाला साधारण तीन अंश उतरतात. खाली ४३ असेल आणि तुम्ही जमिनीपासून दोन हजार फुटांवर असाल, तर बाहेर ३७ आहे. आणि टॅब काचेआड उन्हात आहे, बाहेर नव्हे. सर्किट मारणाऱ्याला वरच्या गारव्याचा काहीच फायदा नाही. क्रॉस कंट्रीला, म्हणजे दूरच्या गावाच्या उड्डाणाला, चार-पाच हजारांवर गेलात तर मात्र फरक पडतो.

मग करायचं काय? टॅबला उष्णता कुठून मिळते ते मोजा आणि एकेक वाट बंद करा. उन्हाचा भाग जागा बदलून कमी होतो: ग्लेअरशील्डवर, म्हणजे पुढच्या काचेखालच्या फळीवर, टॅब ठेवणं म्हणजे तव्यावर भाकरी टाकणं. बाजूच्या खिडकीला सक्शन माउंट लावा, किंवा मांडीवर घ्या, पण थेट ऊन टाळा. सेसना १७२ मध्ये पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यांत हवेची नळकांडी असतात. ती ओढून त्यांचा झोत टॅबच्या पाठीवर येईल असं माउंट बसवता आलं तर निम्मी लढाई जिंकलीच. जाड चामडी कव्हर आणि चारही बाजूंनी बंद नीबोर्ड (मांडीला बांधायची पाटी) ही दुसरी वाट. टॅबमध्ये पंखा नसतो, तो पाठीतूनच उष्णता टाकतो आणि आपण त्याच पाठीवर गोधडी घालतो. कव्हर काढा, उघड्या पाठीचं माउंट घ्या.

तिसरी वाट चार्जिंगची. चार्ज होताना बॅटरी स्वतःच तापते, म्हणून टॅब रात्री घरी किंवा ब्रीफिंग रूममध्ये पूर्ण भरून आणा आणि उड्डाणात चार्जर लावू नका. लांबच्या पल्ल्याला लावावाच लागला तर सुरुवातीलाच लावा, ३० टक्क्यांवर आल्यावर घाईने नको. चौथी वाट लक्षातच येत नाही ती म्हणजे मोबाइल डेटा. हवेत टॅब एकामागून एक टॉवर शोधत राहतो, सातपुड्याच्या बाजूला तर जास्तच, आणि त्यात बॅटरीही जाते, टॅबही तापतो. डेटा बंद करा. नकाशा आधीच उतरवलेला असेल तर त्याची गरज नाही.

उतरल्यावर तापलेला टॅब फ्रीजमध्ये किंवा पाण्याच्या थंडगार बाटलीला टेकवून ठेवणारे बघितलेत. नका करू. आत दव धरतं. सावलीत, कव्हराशिवाय, बंद करून ठेवा, थोड्या वेळात येतो ठिकाणावर. आणि पर्यायी म्हणून जो फोन नेता, तो बॅगेत सावलीला ठेवा. दोन्ही यंत्रं एकाच उन्हात ठेवली तर दोन्ही एकाच वेळी जातात, मग पर्याय कसला?

पडदा मंद नसून फक्त एका कोनातून काळा दिसत असेल तर गॉगल काढून बघा. पोलराइज्ड काचा आणि एलसीडी पडदा यांचं पटत नाही. टॅब आडव्याचा उभा केला तरी दिसायला लागतो.

चिन्ह हलत नसेल तर

हा खरा ‘जीपीएस’चा भाग. इथे पहिला प्रश्न असा, की या टॅबमध्ये जीपीएस आहे का? हसू नका. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये उपग्रहांचा रिसिव्हरच नसतो. तो फक्त सेल्युलर मॉडेलमध्ये येतो. सिम घातलेलं असो वा नसो, मॉडेल सेल्युलर असलं म्हणजे झालं. सेटिंगमध्ये ‘सेल्युलर डेटा’ नावाची ओळ दिसते का बघा, किंवा ‘अबाउट’मध्ये आयएमईआय क्रमांक आहे का बघा. नसेल तर तुमचा टॅब आजूबाजूच्या वाय-फायच्या ओळखीवर जागा सांगतो. म्हणून तो ब्रीफिंग रूममध्ये अगदी बरोबर दाखवतो, टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवतानाही, कधीकधी दाखवतो, आणि धावपट्टी सुटली की जागीच बसतो. ओएलएक्सवर स्वस्तात घेतलेल्या सेकंडहँड टॅबच्या बाबतीत हे फार होतं, कारण विकणारा ‘मॅप चालतो’ एवढंच सांगतो, आणि तो खोटंही बोलत नसतो.

ओळखायची एक सोपी खूण आहे. ॲपमध्ये अचूकतेचा आकडा दिसत असेल तर तो बघा. मोकळ्या आकाशाखाली खरा जीपीएस पाच-दहा मीटर दाखवतो. आयपॅड हट्टाने ६५ मीटर दाखवत असेल तर ती जागा बहुधा वाय-फायवरून आलेली आहे. आयपॅडवर आतल्या रिसिव्हरचे उपग्रह दाखवणारं ॲप मिळत नाही, कारण ॲपल ती माहिती बाहेर देतच नाही, त्यामुळे या आकड्यावरच विसंबावं लागतं. अँड्रॉइडवर ‘जीपीएसटेस्ट’ उघडा, कोणते उपग्रह दिसतात आणि किती ताकदीने, सगळं दिसतं. आपल्या आकाशात जीपीएससोबत रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बैदूही असतात, काही नव्या यंत्रांत आपलं नाविकसुद्धा. म्हणजे उपग्रहांचा दुष्काळ हे कारण सहसा पटण्यासारखं नाही.

टॅबमध्ये जीपीएस आहे, तरी चिन्ह हलत नाही? परवानग्या बघा. नेव्हिगेशन ॲपला लोकेशन ‘ॲप वापरताना’ तरी दिलेलं हवं आणि ‘अचूक जागा’ हे बटण चालू हवं. ते बंद असेल तर टॅब मुद्दाम काही किलोमीटरची ढोबळ जागा देतो, आणि ॲप बिचारं अमळनेरच्या पोराला पारोळ्यात दाखवतं. अपडेटनंतर किंवा ॲप नव्याने टाकल्यावर पहिल्याच खिडकीत घाईने ‘नको’ दाबलं की हे होतं. अँड्रॉइडवर बॅटरी वाचवणारी व्यवस्था ॲपला मागच्या मागे झोपवते. त्या ॲपपुरती ती बंद करा. एअरप्लेन मोडने जुन्या आयपॅडवर जीपीएसही बंद व्हायचा. आता तसं होत नाही, पण जुना टॅब वापरत असाल तर जमिनीवर एकदा तपासा.

यानंतर थंड सुरुवातीचा, म्हणजे उपग्रहांची ताजी माहिती नसताना टॅब सुरू होण्याचा प्रश्न. उपग्रह आपली कक्षा जीपीएसच्या संदेशातून स्वतःच सांगतो, पण सेकंदाला फक्त ५० बिट या गोगलगतीने. एका उपग्रहाची नेमकी कक्षा ऐकायला अर्धं मिनिट अखंड ऐकावं लागतं, सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं. नेट असेल तर टॅब हीच माहिती काही सेकंदांत उतरवून घेतो. नेट बंद, टॅब कालपासून झोपलेला, आणि तुम्ही हँगरच्या पत्र्याखाली चालू करून थेट उड्डाणाला निघालात, तर तो हवेत, पंखाखाली, वळणावळणात तुटक तुटक ऐकत बसतो. उपाय फुकटचा आहे: टॅब एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, मोकळ्या आकाशाखाली, नेट चालू असताना उघडा. वॉकअराउंड, म्हणजे विमानाभोवतीची तपासणीची फेरी, होईपर्यंत जागा पक्की होते. मग डेटा बंद.

सेसना १७२ किंवा १५२ सारख्या वर पंख असलेल्या विमानात मांडीवरचा टॅब अर्धं आकाश गमावतो. एका बाजूला पंख, दुसऱ्या बाजूला तुमचंच शरीर. काचेचा प्रश्न नाही, साध्या ॲक्रिलिकमधून सिग्नल आरामात येतो. वळणात चिन्ह उड्या मारतं आणि सरळ झाल्यावर ठीक होतं, असं असेल तर हेच. अशा वेळी ब्लूटूथचा वेगळा रिसिव्हर घेणं मला पटतं. गार्मिनचा ग्लो, बॅड एल्फ वगैरे. ते ग्लेअरशील्डच्या कोपऱ्यात किंवा मागच्या खिडकीशी ठेवता येतात, सेकंदाला अनेकदा जागा देतात, आणि वाय-फायवाल्या आयपॅडलाही खरा जीपीएस मिळतो. फक्त तोही उन्हात तापतो, त्याचीही बॅटरी संपते, आणि ती संपली की टॅब गुपचूप आपल्या आतल्या जागेवर परत जातो. तो बदल तुम्हाला कळावा म्हणून ॲपमध्ये जागा कुठून येतेय ते दाखवणारी ओळ उघडी ठेवा.

चार्जर आणि रेडिओ

चिन्ह हलायचं थांबतं आणि त्याच वेळी हेडसेटमध्ये खरखर वाढते, असं असेल तर मला संशय फक्त चार्जरचा येतो. आत वेगाने चालू-बंद होणारं सर्किट असतं. स्वस्त चार्जरमध्ये त्याचा गोंगाट अडवणारा भाग वाचवलेला असतो. तो गोंगाट ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या विमानी व्हीएचएफ पट्ट्यात घुसतो आणि जीपीएसच्या अँटेनापाशीही पोचतो. परीक्षा सोपी आहे: जमिनीवर इंजिन चालू असताना चार्जर ओढून काढा. खरखर थांबली तर गुन्हेगार सापडला. स्क्वेल्च, म्हणजे रेडिओची खरखर दाबून ठेवणारी सोय, आपोआप उघडणं हीसुद्धा त्याचीच खूण. आणखी एक बघा. जुन्या विमानांत १४ व्होल्टची यंत्रणा असते, नव्या १७२ मध्ये २८ व्होल्टची. फक्त १२ व्होल्टसाठी बनवलेला गाडीचा चार्जर २८ वर लावला की तो जळतो, कधी टॅबला घेऊनच.

याहून एक सूक्ष्म गोष्ट. जीपीएसची मुख्य लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झवर असते. १२१.१७५ ची तेरा पट १५७५.२७५ होते आणि १३१.२७५ ची बारा पट १५७५.३. म्हणजे या फ्रिक्वेन्सींवर बटण दाबून बोलताना रेडिओचा अवांतर आवाज थेट जीपीएसच्या कानात पडू शकतो. अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाच्या जीपीएस बसवण्याच्या मार्गदर्शिकेत १२१.१५ ते १२१.२ आणि १३१.२५ ते १३१.३ या जागा मुद्दाम तपासायला सांगितल्या आहेत. तुमचा टॅब बोलतानाच, आणि फक्त काही ठरावीक फ्रिक्वेन्सीवरच जागा सोडत असेल, तर टॅब बदलून काही होणार नाही. रेडिओ किंवा त्याची अँटेना बघून घ्यायला इंजिनिअरला सांगा.

इथेच एक फाटा फोडतो. टॅब, फोन आणि विमानातला बसवलेला जीपीएस तिन्ही एकाच वेळी गेले तर बिघाड तुमच्या यंत्रात नाही, हस्तक्षेप बाहेरून आहे किंवा विमानाच्या विजेतून. एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) कळवा आणि नकाशावर उडा. एकटा टॅब गेला आणि बाकीचं ठीक, तर वरचं सगळं पुन्हा वाचा.

कव्हरमधल्या चुंबकांबद्दल फार कोणी बोलत नाही. आयपॅडच्या फोल्ड होणाऱ्या कव्हरमध्ये आणि टॅबच्या स्पीकरमध्ये चुंबकं असतात. माउंट होकायंत्राजवळ लावलं की होकायंत्र वाकडं बोलतं. मग टॅब आणि होकायंत्र यांचं जमत नाही आणि खापर टॅबवर फुटतं. जमिनीवर टॅब माउंटला लावा, काढा, पुन्हा लावा, आणि होकायंत्राची तबकडी हलते का बघा. हलली तर माउंट हलवा.

नकाशा कोरा

हे दोन ओळींचं काम. नकाशा उतरवलेलाच नव्हता, आधी पाहिलेला तुकडा तेवढा साठलेला होता. घरी एअरप्लेन मोड लावा, वाय-फायही बंद करा, ॲप पूर्ण बंद करून उघडा आणि गोंदूर ते जळगाव, शिवाय चुकून जाल त्या बाजूही, बोटाने झूम करून फिरा. कोरी पाटी दिसली तर नीट उतरवा. टॅबमध्ये जागा भरत आली असेल तर यंत्रणा साठवलेलं परस्पर पुसते, हेही ध्यानात ठेवा. एरॉनॉटिकल माहिती नवी करण्याचा फेरा २८ दिवसांचा असतो. हवाई क्षेत्रांसाठी अधिकृत शब्द एआयपी इंडिया (सरकारी विमान-माहितीचा ग्रंथ) आणि नोटॅमचा (वैमानिकांसाठीच्या तात्पुरत्या सूचनांचा), ॲपचा नव्हे.

बिघाड नसलेले बिघाड

उभ्या विमानात चिन्ह गरगर फिरतं. साहजिक आहे, जागेवरून दिशा काढायला जागा बदलावी लागते. हवेत चिन्हाचं टोक ट्रॅक, म्हणजे जमिनीवरची प्रत्यक्ष वाट, दाखवतं, हेडिंग नाही. मान्सूनपूर्व पश्चिमेच्या वाऱ्यात शिरपूरकडे उत्तरेला जाताना नाक डावीकडे आणि टॅबवरचं टोक सरळ, हे बरोबर आहे.

उंचीवरून वाद सगळ्यात जास्त होतात. उन्हाळ्यात अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची सांगणारं यंत्र) क्यूएनएचवर, म्हणजे समुद्रसपाटीच्या दाबावर लावून, तीन हजार दाखवतो तेव्हा विमान खरोखर त्याहून वर असतं. प्रमाण तापमानापेक्षा दर दहा अंश जादा असतील तर जमिनीपासूनच्या उंचीच्या साधारण चार टक्के. ४३ अंशांच्या दुपारी, आठशे फूट उंचीच्या मैदानावर, हा फरक अडीचशे फुटांच्या आसपास जातो. उलट अँड्रॉइडचा कच्चा आकडा समुद्रसपाटीपासूनचा नसून पृथ्वीच्या गणिती आकारापासूनचा असतो. आपल्याकडे त्या दोन्हींत पन्नासहून अधिक मीटरचं अंतर आहे, त्यामुळे दुरुस्ती न करणारं ॲप उभ्या विमानातच दीडशे-दोनशे फूट कमी दाखवतं. दोन्ही फरक एकमेकांत मिसळले की कोण खरं तेच कळेनासं होतं. सर्किटमधली बाकी विमानं अल्टिमीटरवर उडत आहेत, म्हणून तुम्हीही अल्टिमीटरवरच उडा.

बॅटरी फुगली आहे का हे दर उन्हाळ्याच्या शेवटी बघायचं राहून जातं. टॅब सपाट टेबलावर पालथा ठेवून बोटाने दाबा. डुगडुगला, किंवा पडदा कडेने उचललेला दिसला, तर तो टॅब विमानात न्यायचा नाही, चार्जिंगलाही लावायचा नाही. दुरुस्तीच्या दुकानात देऊन बॅटरी बदलून घ्या. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.